आभाळातून पडलेले उंदीर

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी वर्गात एक प्रश्न हमखास येतो : बेडूक आभाळातून पडतात का? काल संध्याकाळपर्यंत कोरडा ठणठणीत असलेला खड्डा आज पाण्याने भरलेला असतो आणि त्यात बेडकांचे संमेलन चाललेले असते. मखमलीसारखे लाल मृगाचे किडेही असेच अवचित ओल्या मातीवर फिरताना दिसतात. काल नव्हते, आज आहेत, आणि मध्ये घडला तो फक्त पाऊस. तेव्हा ते पावसाबरोबरच आले असावेत, असा तर्क मुले करतात. हा तर्क चुकीचा असला तरी वेडगळ नाही. त्यात निरीक्षण आहे, कार्यकारणभाव लावण्याची धडपड आहे. चुकते ते इतकेच, की डोळ्यांना न दिसलेल्या काळात जमिनीखाली काय चालले होते याचा विचार झालेला नसतो.

नेमका असाच तर्क उत्तर युरोपातील लोकांनी एका उंदरासारख्या प्राण्याविषयी केला आणि तो पुढे विद्वानांच्या ग्रंथांत जाऊन बसला. हा प्राणी म्हणजे लेमिंग. आभाळातून पडण्याची ती कथा मागे पडली, तेव्हा तिची जागा दुसऱ्या कथेने घेतली : लेमिंगांची संख्या फार वाढली की ते हजारोंच्या संख्येने कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन सामुदायिक आत्महत्या करतात. ही दुसरी कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. लोकसंख्यावाढीचा पाठ शिकवताना मी स्वतः ती अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. मुले थरारून ऐकत आणि पाठाचे तात्पर्य आयतेच निघे. कथा खोटी आहे हे मला फार उशिरा कळले. त्यानंतर या प्राण्याचा आणि त्याच्या नावाचा इतिहास मी शोधत गेलो, त्यातून हा लेख झाला.

प्राणी कसा आहे?

लेमिंग हा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातील जीव आहे. आपल्या घरातील उंदरापेक्षा व्होल आणि हॅमस्टर या प्राण्यांशी त्याचे नाते अधिक जवळचे. लेमिंगांच्या अनेक जाती उत्तर ध्रुवाभोवतालच्या टुंड्रा प्रदेशात आढळतात. आपल्या कथेचा नायक आहे नॉर्वेजियन लेमिंग. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडचा उत्तर भाग आणि रशियाचे कोला द्वीपकल्प हा त्याचा मुलूख. लांबी जेमतेम १३ ते १५ सेंटिमीटर, शरीर गुबगुबीत आणि शेपूट इतके आखूड की नसल्यासारखेच. पाठीवर काळा, पिवळा आणि तपकिरी असे ठळक रंग असतात. शेवाळे आणि टुंड्रातील गवते हे त्याचे अन्न.

लेमिंग शीतनिद्रा घेत नाही. हिवाळ्याचे सात-आठ महिने तो बर्फाखाली राहतो. जमिनीची ऊब आणि वरच्या बर्फाची गोधडी यांच्यामध्ये एक पोकळी तयार होते. तेथे तो बोगदे काढतो, गवताची घरटी बांधतो, शेवाळे खातो आणि अन्न पुरेसे असेल तर पिल्लेही घालतो. म्हणजे वर शुभ्र, निःशब्द बर्फ दिसत असताना खाली पिढ्यांमागून पिढ्या वाढत असतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढच्या बऱ्याच कोड्यांचा उलगडा होतो.

नाव कोठून आले?

'लेमिंग' हा शब्द इंग्रजीत नॉर्वेजियन भाषेतून आला. १६०७ साली प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड टॉप्सेल यांच्या चतुष्पाद प्राण्यांवरील ग्रंथात तो सापडतो. प्राचीन नॉर्स भाषेत या प्राण्याला 'लोमुंद्र' म्हणत. नॉर्वेच्या बोलींमध्ये 'लेमेन', 'लेमेंदे' अशी रूपे आहेत, तर स्वीडिशमध्ये 'लेमेल'. इथपर्यंत वाद नाही. पण मुळात 'लोमुंद्र' म्हणजे काय, या प्रश्नाची तीन उत्तरे दिली गेली आहेत आणि तिन्ही विचार करण्यासारखी आहेत.

पहिले उत्तर नॉर्वेच्या लोकभाषांचे थोर अभ्यासक इवार ओसेन यांचे. एकोणिसाव्या शतकात खेडोपाडी हिंडून त्यांनी नॉर्वेच्या बोलीभाषांचा कोश केला. 'लेम्या' म्हणजे मारणे, झोडपणे, पंगू करणे, या क्रियापदाशी त्यांनी लेमिंगाचे नाव जोडले. त्यांच्या मते नावाचा अर्थ होतो 'नासाडी करणारा'. डोंगरातून उतरलेल्या लेमिंगांनी ज्यांची कुरणे फस्त केली, त्या शेतकऱ्यांना हा अर्थ पटला असता.

दुसरे उत्तर असे, की हा शब्द मुळात नॉर्वेकरांचा नाहीच. स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागात सामी लोक राहतात. रेनडिअर पाळणे हा त्यांच्यातील अनेकांचा परंपरागत व्यवसाय आहे. सामींच्या एका बोलीत लेमिंगाला 'लुओमेक' म्हणतात. लेमिंगांच्या मुलखात जे आधीपासून राहत आले, त्यांच्याकडूनच नवागतांनी नाव उचलले असणे अगदी शक्य आहे. मात्र दोन भाषांतील शब्द सारखे दिसले म्हणजे देणारा कोण आणि घेणारा कोण हे आपोआप ठरत नाही. उसनवारी उलट दिशेनेही होऊ शकते.

तिसरे उत्तर आपल्याला विशेष जवळचे वाटेल. काही भाषाशास्त्रज्ञांच्या मते हे नाव ध्वनीवरून पडलेले आहे. ओरडणे किंवा भुंकणे अशा अर्थाच्या एका जुन्या इंडो-युरोपीय धातूतून ते आले असावे. लॅटिनमधील 'लात्रारे', म्हणजे भुंकणे, हे क्रियापद त्याच धातूचे मानतात. आणि आपल्या संस्कृतातील 'रै' हा धातूही, ज्याचे रूप 'रायति' असे होते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात कुत्र्याला चोरावर भुंकायला सांगताना हेच क्रियापद आले आहे. हे मत खरे असेल, तर लेमिंग म्हणजे 'भुंक्या'!

उंदराएवढा प्राणी भुंकतो कसा? नॉर्वेजियन लेमिंग खरोखरच ओरडतो. त्याच्या जवळ गेलात तर इतर उंदरांप्रमाणे तो मुकाट्याने पळून जात नाही. पाठ दगडाला लावून, दात विचकून तो कर्कश आवाजात अंगावर आल्यासारखे करतो. स्वीडिश शास्त्रज्ञ माल्टे अँडरसन यांनी २०१५ साली या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शत्रू दूर असेल तर लेमिंग गप्प दडून राहतो, पण शत्रू अगदी जवळ आला की मोठ्याने ओरडतो. त्याचे भडक रंग आणि हा आवाज मिळून शत्रूला एक इशारा देतात : माझ्या वाटेला जाऊ नका, मी लढणारा आहे. गांधीलमाशीचे पिवळे-काळे पट्टे जे काम करतात, तेच हे काम.

तिन्ही व्युत्पत्तींपैकी निर्विवाद अशी एकही नाही. पण प्रत्येकीत प्राण्याकडे पाहणारा माणूस वेगळा दिसतो. एकात नुकसान सोसलेला शेतकरी आहे, दुसऱ्यात टुंड्रातील जुना रहिवासी आहे आणि तिसऱ्यात ज्याच्या पायाशी अचानक एक इवलासा जीव ओरडला असा वाटसरू आहे.

मेघातून वर्षाव

लेमिंगाविषयीची पहिली छापील माहिती नॉर्वेबाहेर लिहिली गेली. बव्हेरियातील भूगोलज्ञ याकोब झीग्लर यांनी १५३२ साली स्कँडिनेव्हियाचे वर्णन प्रसिद्ध केले. वादळी हवेत हे प्राणी आभाळातून पडतात आणि वसंतात गवत उगवू लागले की एकाएकी मरतात, असे त्यांनी लिहिले. ही माहिती त्यांनी नॉर्वेतील धर्मगुरूंकडून ऐकली होती. त्यांनी स्वतः लेमिंग पाहिलेला नव्हता.

पुढे १५५५ साली ओलाउस माग्नुस यांचा उत्तरेकडील लोकांविषयीचा प्रचंड लॅटिन ग्रंथ रोममध्ये छापला गेला. माग्नुस हे स्वीडनचे कॅथलिक धर्मगुरू. देशात धर्मसुधारणेचे वारे आल्यानंतर त्यांना परदेशातच राहावे लागले. त्यांच्या ग्रंथात 'लेमार' या प्राण्याच्या प्रकरणाला जोडलेले एक लाकडी ठशाचे चित्र प्रसिद्ध आहे. वर ढग आहेत आणि ढगांतून लेमिंग टपाटप खाली पडत आहेत. चित्राच्या खालच्या भागात दोन सडपातळ प्राणी लेमिंगांना तोंडात धरून उभे आहेत. हे प्राणी म्हणजे अर्मिन, मुंगसासारखे लांबट अंगाचे छोटे शिकारी. लेमिंगांवर हे अर्मिन पोसतात आणि मग त्यांच्या मौल्यवान कातड्यांचा व्यापार वाढतो, हेही माग्नुस यांनी नोंदवले आहे. या चित्राचा खालचा भाग वाचकांनी लक्षात ठेवावा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता झीग्लर आणि माग्नुस यांना हसण्यापूर्वी पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन येऊ. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील इन्युपियाट लोकांना रोममध्ये छापलेल्या ग्रंथांची काहीच कल्पना नव्हती. त्यांच्याकडे गळ्याभोवती पट्टा असलेला, हिवाळ्यात पांढराशुभ्र होणारा दुसरा एक लेमिंग आढळतो. त्याचे त्यांच्या भाषेतील नाव आहे 'किलांगमिउतक', म्हणजे आभाळातला! दोन समाज, दोन खंड, लेमिंगांच्या दोन निरनिराळ्या जाती, आणि अनुमान मात्र एकच. यावरून दिसते, की ही कल्पना एकाने दुसऱ्याकडून उचललेली नसून दोघांनी पाहिलेल्या एकाच प्रकारच्या घटनेतून निघालेली आहे. हिवाळाभर लेमिंग बर्फाखाली वाढत राहतात. वसंतात बर्फ वितळतो, बोगद्यांत पाणी शिरते आणि कालपर्यंत ओसाड दिसणाऱ्या माळावर एकदम शेकडो प्राणी दिसू लागतात. वाढ कोणी पाहिलेली नसते, दिसतो तो फक्त परिणाम. आपल्या डबक्यातील बेडकांचेही तेच.

सुरी आणि प्रवासवही

हा प्राणी खरोखर कसा आहे हे पाहण्यासाठी प्रथम सुरी हाती घेतली ती कोपनहेगनच्या ओले वोर्म यांनी. वोर्म हे वैद्य आणि नामांकित संग्राहक. 'एकशिंग्या घोड्याचे शिंग' म्हणून युरोपात सोन्याच्या मोलाने विकली जाणारी वस्तू हा प्रत्यक्षात नारव्हाल नावाच्या सागरी सस्तन प्राण्याचा दात आहे, हे त्यांनी १६३८ साली दाखवून दिले होते. १६५३ साली त्यांनी लेमिंगावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यात विच्छेदन करून काढलेली चित्रे होती. लेमिंगाच्या शरीराची रचना इतर कुरतडणाऱ्या प्राण्यांसारखीच आहे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

गंमत अशी, की त्या पुस्तिकेच्या नावातच 'नॉर्वेत कधीकधी मेघांतून पडणारा प्राणी' असे शब्द आहेत! लेमिंग आभाळातून पडतात हे वोर्म यांनी नाकारले नाही. ते ढगात आपोआप निर्माण होतात, एवढेच नाकारले. वाऱ्याने ते कोठून तरी उचलून आणलेले असावेत, असा त्यांचा खुलासा होता. अर्धी चूक दुरुस्त झाली, अर्धी राहिली. विज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते. पाठ्यपुस्तकात आपण 'अमक्याने गैरसमज दूर केला' असे एका वाक्यात लिहितो. प्रत्यक्षात गैरसमज असा एका फटक्यात जात नाही, तुकड्या-तुकड्याने जातो.

उरलेला अर्धा भाग कार्ल लिनियस यांच्या वाट्याला आला. १७३२ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी लॅपलँडचा खडतर प्रवास केला होता. १७४० साली त्यांनी स्वीडिश विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात लेमिंगांवर टिपण लिहिले. आभाळातून पडणाऱ्या प्राण्यांची कथा त्यांनी निकालात काढली आणि हे प्राणी डोंगरातून खाली उतरतात असे सांगितले. १७५८ साली आपल्या प्रसिद्ध वर्गीकरण-ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्यांनी या प्राण्याला 'मुस लेमुस' असे नाव दिले. 'मुस' म्हणजे उंदीर. पुढे १७९५ साली लिंक या जर्मन शास्त्रज्ञाने लेमिंगांसाठी 'लेमुस' ही स्वतंत्र प्रजाती केली आणि नाव झाले 'लेमुस लेमुस'. प्रजाती आणि जाती या दोन्हींचे नाव एकच असणे प्राण्यांच्या नामकरणात चालते, वनस्पतींच्या नामकरणात मात्र चालत नाही. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हा फरक सांगण्यासारखा आहे.

पण लिनियस यांच्या त्याच टिपणात दुसऱ्या कथेचे बीजही पडले. लेमिंग सरळ रेषेत चालतात, त्यांना कशानेही अडवता येत नाही आणि वाटेत गवताची गंजी आली तर ती पोखरून ते पलीकडे जातात, असे त्यांनी लिहिले होते. सरळ रेषेत, न थांबता चालणारा प्राणी शेवटी जाणार कोठे? नॉर्वेत कोणत्याही दिशेने चालत सुटा, बहुधा समुद्रच आडवा येतो.

समुद्राकडे

लेमिंग बुडून मरतात हे खोटे नाही. संख्या फार वाढली की अन्न कमी पडते, भांडणे वाढतात आणि पुष्कळ लेमिंग, त्यातही तरुण, नवी जागा शोधायला बाहेर पडतात. ते एका सेनापतीमागे चालणारे सैन्य नसते. जो तो आपापल्या वाटेने निघतो. पण नॉर्वेच्या अरुंद दऱ्यांचा उतारच असा आहे, की वेगवेगळ्या वाटांनी उतरलेले प्राणी तळाशी एकत्र येतात. पुढे नदी, तळे किंवा फ्योर्ड असते. लेमिंग बऱ्यापैकी पोहतो. संथ पाण्यातून पैलतीर गाठतोही. पाणी खवळलेले असले किंवा पैलतीर फार लांब असला, तर बुडतो. किनाऱ्यावर मेलेल्या लेमिंगांचा खच पाहणाऱ्याला मात्र वाटते, की हे मरण्यासाठीच आले होते.

या 'मरणयात्रे'ची कारणे शोधण्यात एकोणिसाव्या शतकातील कल्पनाशक्ती थकली नाही. डब्ल्यू. डुप्पा क्रॉच या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८७०च्या दशकात असे मांडले, की पूर्वी अटलांटिक महासागराच्या जागी जमीन होती आणि लेमिंग पूर्वजांच्या सवयीने त्या बुडालेल्या भूमीकडे जातात. म्हणजे लेमिंगांच्या पाठोपाठ अटलांटिसही कथेत आले!

येथे उत्क्रांतीचा एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. समजा, संख्या वाढली की काही लेमिंगांना समुद्रात उडी घेण्याची उपजत प्रेरणा होते आणि काहींना होत नाही. उड्या घेणारे मेले. मागे राहिलेल्यांना अन्न मुबलक मिळाले, त्यांनी पिल्ले घातली. पुढच्या पिढीत उडी घेण्याची प्रेरणा कोणाकडून येणार? 'जातीच्या कल्याणासाठी' मरण्याची प्रवृत्ती अशा रीतीने काही पिढ्यांतच नाहीशी होईल. १९६०च्या दशकात 'समूहाच्या हितासाठी निवड' या कल्पनेवर जीवशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला, तेव्हा लेमिंग हे त्यातील नेहमीचे उदाहरण होते. एका व्यंगचित्रात समुद्राकडे निघालेल्या लेमिंगांच्या झुंडीत एकाच्या कमरेला हवा भरलेली रबरी कडी दाखवली आहे. तो सारा युक्तिवाद त्या एका कडीत मावतो.

लेमिंग-वर्षे

नॉर्वेच्या लोकभाषेत आणखी एक शब्द होता : 'लेमेनओर', म्हणजे लेमिंग-वर्ष. दुष्काळाची वर्षे आपल्याकडे खेड्यांतील लोकांच्या जशी ध्यानात राहतात, तशी तेथे लेमिंगांची वर्षे राहत. या वर्षांच्या नोंदी प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट कोलेट यांनी काळजीपूर्वक जमवल्या आणि नॉर्वेतील सस्तन प्राण्यांवरील आपल्या ग्रंथात दिल्या.

१९२३ साली ऑक्सफर्डचा एक तेवीस वर्षांचा तरुण स्पिट्सबर्गेनच्या मोहिमेवरून परतताना ट्रोम्सो गावातील पुस्तकांच्या दुकानात शिरला. चार्ल्स एल्टन हे त्याचे नाव. कोलेट यांचा ग्रंथ त्याला तेथे दिसला. नॉर्वेजियन भाषा येत नसतानाही त्याने तो विकत घेतला आणि शब्दकोश घेऊन वाचायला बसला. लेमिंग-वर्षांमध्ये साधारण तीन-चार वर्षांचे नियमित अंतर आहे, हे त्याच्या लक्षात आले. १९२४ साली एल्टन यांनी प्राण्यांच्या संख्येतील नियतकालिक चढउतारांवर निबंध प्रसिद्ध केला. परिसंस्थेतील प्राण्यांची संख्या स्थिर असते, 'निसर्गात समतोल असतो', या समजुतीला त्याने मोठा धक्का दिला. आधुनिक परिस्थितिकीचा पाया घालणाऱ्या लेखनात या निबंधाची गणना होते. पुढे हडसन्स बे कंपनीच्या फर-व्यापाराच्या जुन्या नोंदीही एल्टन यांनी अभ्यासल्या आणि १९४२ साली व्होल, उंदीर व लेमिंग यांच्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

एक गोष्ट येथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९२४ च्या निबंधात एल्टन यांनी समुद्रात शिरून मरणाऱ्या लेमिंगांचे जुने वर्णन खरे धरूनच वापरले होते. चढउताराचे कारणही त्यांनी तेव्हा हवामानातील नियमित बदलांत शोधले. थोर शास्त्रज्ञही ऐकीव माहिती पुढे नेऊ शकतो. त्यांचे थोरपण नोंदींमधील क्रम ओळखण्यात आणि त्यातून योग्य प्रश्न उभा करण्यात होते.

कॅमेऱ्याची साक्ष

ऐकीव कथेला डोळ्यांनी पाहिल्याची प्रतिष्ठा मिळाली ती १९५८ साली. डिस्ने कंपनीच्या 'व्हाइट विल्डरनेस' या माहितीपटात लेमिंगांच्या झुंडी कड्यावरून पाण्यात पडताना दाखवल्या होत्या. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर मिळाले. निवेदनातील शब्द कोणी लक्षात ठेवले नसतील, पण ते दृश्य जगभरच्या प्रेक्षकांच्या मनात ठसले.

१९८२ साली कॅनडातील सीबीसी या दूरचित्रवाणीने चित्रपटांतील प्राण्यांच्या छळावर एक शोध-कार्यक्रम केला, तेव्हा त्या दृश्याची हकिगत बाहेर आली. चित्रण झाले होते कॅनडातील आल्बर्टा प्रांतात. या प्रांताला समुद्रकिनाराच नाही. लेमिंग दूरच्या मॅनिटोबा प्रांतातून, इन्युइट मुलांकडून विकत घेऊन आणलेले होते. बर्फाने झाकलेल्या फिरत्या चकतीवर त्यांना पळवून, निरनिराळ्या कोनांतून छायाचित्रण करून थोड्या प्राण्यांची मोठी झुंड भासवली होती. शेवटी त्यांना कड्यावरून खाली नदीत लोटण्यात आले. लेमिंगांनी उडी घेतलीच नव्हती, त्यांना ढकलले होते.

याच सुमारास इंग्रजीत 'लेमिंग' हा शब्द माणसांसाठी वापरला जाऊ लागला : विचार न करता गर्दीमागे नाशाकडे जाणारा तो लेमिंग. १९९१ साली स्कॉटलंडमधील एका कंपनीने 'लेमिंग्ज' नावाचा संगणक-खेळ काढला आणि लक्षावधी मुलांनी हा शब्द प्राण्यापूर्वी खेळातून ऐकला. 'भुंक्या' असो की 'नासाडी करणारा', नावाचे जुने अर्थ विसरले गेले आणि एका बनावट दृश्याने त्याला नवा अर्थ चिकटवला. गंमत ही, की विचार न करता एकामागून एक गेलो ते आपणच. झीग्लर यांच्यामागे माग्नुस, चित्रपटामागे प्रेक्षक, आणि त्यांच्यामागे खडू हातात घेतलेला मी.

मग संख्या घटते कशी?

प्रथम ती वाढते कशी ते पाहू. लेमिंगाची मादी गर्भ सुमारे तीन आठवडे वाहते आणि एका वेळी साधारण पाच-सहा पिल्ले घालते. गणितासाठी समजा, एका जोडीपासून एका फेरीत तीन नव्या जोड्या तयार झाल्या आणि कोणीच मेले नाही. एकाच्या चार जोड्या होतील. दुसऱ्या फेरीत १६, तिसऱ्या फेरीत ६४ आणि चौथ्या फेरीत २५६. एक फेरी दोन महिन्यांची धरली, तरी वर्ष पुरे व्हायच्या आत एवढी मजल जाते. आभाळाची गरजच उरत नाही.

घट का होते, या प्रश्नावर मात्र शंभर वर्षे काम चालू आहे. २००३ साली ओलिव्हिए गिल्ग, इल्का हान्स्की आणि बेनोआ सिटलर यांनी ईशान्य ग्रीनलंडमधील ट्रेल बेटावरील अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे पट्टेवाल्या लेमिंगाचे चार शत्रू आहेत : हिमघुबड, ध्रुवीय कोल्हा, लांब शेपटीचा स्कुआ पक्षी आणि अर्मिन. लेमिंग वाढले की पहिले तिघे लगेच गोळा होतात आणि वाढीला लगाम घालतात. अर्मिन मात्र लेमिंगांच्या बोगद्यांत शिरून शिकार करतो आणि त्याची स्वतःची संख्या वर्षभर उशिराने वाढते. लेमिंग कमी होऊ लागले, तेव्हाच अर्मिन सर्वाधिक असतात आणि घसरण आणखी खोल जाते. मग उपासमारीने अर्मिन घटतात आणि चक्र पुन्हा सुरू होते. आठवते ते १५५५ चे चित्र? सगळ्या जगाने साडेचारशे वर्षे ढगांकडे पाहिले. उत्तराचा एक मोठा भाग चित्राच्या खालच्या कडेला, लेमिंग तोंडात धरून उभा होता.

सर्व ठिकाणी हेच उत्तर लागू पडते असे नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने प्रश्न विचारला, की लेमिंग हा भक्ष्य आहे की भक्षक? नॉर्वेजियन लेमिंग शेवाळ्यावर जगतो आणि शेवाळे फार हळू वाढते. त्याच्या संख्येचा आलेख पाहता तेथे लेमिंग हाच शेवाळ्याचा 'शिकारी' ठरतो आणि अन्न संपवून स्वतःच कोसळतो, असा निष्कर्ष निघाला.

आणि आता चक्रच अडखळू लागले आहे. दक्षिण नॉर्वेतील फिन्से येथील अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. १९९४ नंतर तेथील लेमिंगांचे नियमित उद्रेक थांबल्याचे त्यात दिसले. हिवाळे उबदार झाले की बर्फ वितळून पुन्हा गोठतो, जमिनीलगत कठीण थर बनतो आणि लेमिंगांना राहायला पोकळीच उरत नाही. ट्रेल बेटावरही २००० नंतर चक्र विस्कटले आणि लेमिंगांवर पिल्ले पोसणाऱ्या हिमघुबडांची वीण फार घटली. आत्महत्येची कथा सांगताना आपण समजत होतो, की लेमिंगांचा शत्रू त्यांची अतिरेकी संख्या आहे. त्यांच्यापुढचे आजचे संकट वेगळे आहे. त्यांच्या डोक्यावरचे बर्फाचे छप्पर जात आहे आणि त्यात माणसाचा हात आहे.

वर्गात काय सांगावे?

लोकसंख्यावाढीच्या पाठात मी अजूनही लेमिंगांची गोष्ट सांगतो, पण आता ती क्रमाने सांगतो. आधी १५५५ च्या चित्राचे वर्णन करून मुलांना विचारतो, की असे लोकांना का वाटले असेल? डबक्यातील बेडूक पाहिलेल्या मुलांना उत्तर चटकन सापडते. मग कड्यावरून उडी घेणाऱ्या लेमिंगांची कथा सांगून विचारतो : हे कोणी पाहिले? सांगणाऱ्याने स्वतः पाहिले का? उडी घेणारे सगळे मेले, तर ही सवय पुढच्या पिढीला कोणी दिली? फळ्यावर चारपटीचे गणित मांडतो. शेवटी, ही कथा मीही अनेक वर्षे खरी म्हणून सांगत होतो, हे कबूल करतो.

पहिल्यांदा हे कबूल केले तेव्हा वर्ग क्षणभर गप्प झाला. मग मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, मग तुम्ही आतापर्यंत शिकवलेले आणखी काय काय तपासायचे?" मी तिला म्हणालो, "सगळे." त्या वर्षी माझ्या वर्गाने विचारलेला तो सर्वांत चांगला प्रश्न होता.